लाभ, दोन, तीन… आणि त्यापुढे

या महिन्याच्या टपालात अनंताविषयी चार पत्रं आली. एकाच विषयाची म्हणून ती एकत्र घेते आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. ते वाचल्यावर दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझं वय अडुसष्ट. माझी सहा वर्षांची नात सध्या आकड्यांच्या नादात आहे. परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिनं विचारलं, "आजी, अनंतापर्यंत मोजता येतं का गं?" मी म्हटलं, नाही बाळा, दमायला होईल. तर म्हणाली, "आणि खूप भराभर मोजलं तर?" मला काही सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. गेल्या चातुर्मासात मी लक्ष जप पुरा केला. शेवटी शेवटी असं व्हायचं, की माळ फिरत असायची, तोंडात नाम असायचं, पण मोजणारी मी कुठे सापडायची नाही. मग मोजत होतं कोण? आणि अनंत म्हणतात ते हेच का?
(कागलहून एक आजी)

उत्तर : ताई, आधी नातीचं बघू. तिचा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे.

"दमायला होईल" हे तुमचं उत्तर खोटं नाही. किती दमायला होईल तेवढं मोजून बघू. सेकंदाला एक आकडा धरला तर लाखापर्यंत जायला २७ तास ४६ मिनिटं लागतात, तेही न झोपता. पण मोठे आकडे एका सेकंदात तोंडातून निघत नाहीत. तुमचं पत्र आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहिले आणि "नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव" हे घाई न करता म्हणून पाहिलं. चार सेकंद गेले. एक ते कोटीमधले दहातले नऊ आकडे सात अंकी असतात, म्हणजे बहुतेक सगळे याच लांबीचे. तेव्हा कोटीपर्यंत जायला चार कोटी सेकंद धरा. रोज आठ तास बसून मोजलं तर पावणेचार वर्षांहून थोडं जास्त. कोटी म्हणजे तरी काय, आपल्याकडे एखाद्या साखर कारखान्याच्या हिशेबात पहिल्याच ओळीत येणारा आकडा.

माणसांनी हे करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जेरेमी हार्पर नावाच्या माणसानं २००७ साली एक ते दहा लाख हे सगळे आकडे मोठ्यानं मोजले. रोज सोळा तास, असे ८९ दिवस. त्याच्याहून मला जवळचा वाटतो तो पोलंडचा चित्रकार रोमान ओपाऊका. १९६५ साली वॉर्सात त्यानं काळ्या कॅनव्हासच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात बारीक १ काढला. शेजारी २, मग ३. एक कॅनव्हास भरला की पुढच्यावर पुढचा आकडा. काही वर्षांनी तो आकडे रंगवताना उच्चारून ध्वनिमुद्रित करू लागला, आणि दिवसाचं काम संपलं की स्वतःचा एक फोटो काढायचा. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासची पार्श्वभूमी त्यानं एक टक्का पांढरी करत नेली, म्हणजे एक दिवस पांढऱ्यावर पांढरे आकडे येतील. २०११ साली तो गेला तेव्हा शेवटचा आकडा होता ५६०७२४९. शेहेचाळीस वर्षांत छप्पन्न लाख. दिवसाला सरासरी साडेतीनशेच्या आतच. मला त्या फोटोंचं फार वाटतं. आकडे वाढत जातात आणि त्याचे केस पांढरे होत जातात.

आता जरा लांब उडी घ्या. भास्कराचार्यांनी लीलावतीत दशमान स्थानांची नावं दिली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. अठरावं स्थान, म्हणजे एकावर सतरा शून्यं. लिहायला दहा सेकंद पुरतात. सेकंदाला एक या गतीनं मोजायला मात्र ३१७ कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आज सुमारे १३८० कोटी वर्षं धरतात. म्हणजे पहिल्या क्षणापासून कुणी एकसारखं मोजत बसलं असतं, तर ते आज कुठे चार परार्धांच्या थोडं पुढे आलं असतं.

नातीला इथे एक गोष्ट नीट सांगा. तो विश्वाएवढा म्हातारा मोजणारा अनंताच्या किती जवळ आला? जराही नाही. एकावर उभं राहून पुढे जेवढं शिल्लक होतं, तेवढंच चार परार्धांवर उभं राहून शिल्लक आहे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीनं देऊळ जवळ येतं. इथे तसं काही होत नाही. "अनंतापर्यंत" या शब्दातला "पर्यंत" आपल्याला फसवतो. पर्यंत म्हटलं की शेवटी काहीतरी उभं आहे असं वाटतं. आकड्यांच्या रांगेत अनंत नावाचा आकडा कुठेच उभा नाही. रांगेतला प्रत्येक आकडा सांत, म्हणजे शेवट असलेला, आहे आणि प्रत्येकापर्यंत, वेळ दिला तर, पोचता येतं. फक्त सगळे संपवता येत नाहीत.

"आणि खूप भराभर मोजलं तर?" या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी लिहिलं आहे, हे त्या पोरीला जरूर सांगा. समजा, पहिला आकडा अर्ध्या मिनिटात म्हटला, दुसरा पाव मिनिटात, तिसरा त्याच्या निम्म्या वेळात. असं दर वेळी निम्मं करत गेलं तर सगळ्या वेळांची बेरीज बरोबर एक मिनिट होते. म्हणजे मिनिट संपलं की सगळे आकडे म्हणून झाले! प्रत्यक्षात दहाव्या आकड्यालाच सेकंदाचे सहा शतांश उरतात, एवढ्यात "दहा" म्हणून होत नाही. चाळिसाव्याला एवढा कमी वेळ उरतो, की त्यात प्रकाशसुद्धा दीड सेंटिमीटरच्या जरा पुढे जातो. पण तोंड, हवा, प्रकाश सगळं बाजूला ठेवलं आणि नुसता विचार केला, तर? १९५४ साली जेम्स थॉमसन या इंग्रज तत्त्वज्ञानं असाच एक दिवा कल्पिला. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर लावायचा, मग पाव मिनिटानं विझवायचा, मग आणखी निम्म्या वेळानं लावायचा. मिनिट संपल्यावर दिवा लागलेला असेल की विझलेला? लागलेला म्हणावा तर प्रत्येक लावण्यानंतर विझवणं आहे. विझलेला म्हणावा तर प्रत्येक विझवण्यानंतर लावणं आहे. तुमच्या नातीचंही तसंच होईल. मिनिट संपल्यावर तिला विचारा, "शेवटचा आकडा कुठला म्हणालीस?" तिला तो सांगता येणार नाही. वेग कमी पडला म्हणून नव्हे, शेवटचा आकडा मुळात नाहीच म्हणून. भराभर मोजल्यानं ही अडचण सुटत नाही, उलट उघडी पडते.

आता तुमचा प्रश्न. मोजत होतं कोण?

माझे वडील कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत मापाडी होते. मी आठ-दहा वर्षांची असताना दुपारी त्यांची भाकरी घेऊन धान्यबाजारात जायची. जोंधळ्याची रास पडलेली असायची, आबा उकिडवे बसलेले, हातात पायली, समोर पोत्याचं तोंड धरून हमाल. पहिल्या मापाला ते "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. आणि एकदाच म्हणून थांबत नसत. पायली भरताना, ओतताना, परत राशीत घालताना एकसारखं "लाभ, लाभ, लाभ". दुसरी भरायला घेतली की "दोन, दोन, दोन". त्या आवाजाला एक लय असायची. तेवढ्यात अडत्या काही विचारून जायचा, आबा मान हलवून उत्तर द्यायचे, डोळ्यांनी कुणाला तरी बाजूला व्हायला सांगायचे, आणि "तेरा, तेरा, तेरा" चालूच.

एकदा मी लांबूनच "आबा!" म्हणून ओरडले. त्यांनी "ओ" दिली. आवाज तुटला. त्यांनी हातातल्या पायलीकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, हमालाकडे बघितलं. सतरा की अठरा, कुणालाच सांगता येईना. सबंध पोतं पुन्हा राशीवर ओतलं आणि माप "लाभ"पासून पुन्हा सुरू झालं. मला तेव्हा काही बोलले नाहीत. संध्याकाळी घरी पाय धुताना म्हणाले, "पोरी, मापाच्या वक्ताला हाक मारायची न्हाई. आकडा माझ्या डोस्क्यात नसतोय, तोंडात असतोय."

पुढे चौतीस वर्षं मी गणित शिकवलं, पण संख्या म्हणजे काय याविषयी याहून नेमकं वाक्य मला कुणाकडून ऐकायला मिळालं नाही. मोजायला दोनच गोष्टी लागतात. आत्ताचा आकडा कुठेतरी जपून ठेवायची जागा, आणि एका वस्तूला एकदाच पुढे सरकायची शिस्त. ती जागा डोकं असू शकते, तोंड असू शकतं, धनगराच्या बटव्यातले खडे असू शकतात. तुमच्या बाबतीत ती जागा होती माळ. एकशे आठ मण्यांतले आठ हिशेबात धरायचे नाहीत, एका माळेला शंभर, लाखाला हजार माळा, हे तुम्ही केलंच असणार. त्यात एक मणी म्हणजे एक नाम हे बोटं सांभाळत होती आणि मेरुमणी आला की माळ उलटी फिरवायची हेही बोटांनाच ठाऊक होतं. तेव्हा मोजत कोण होतं याचं माझं उत्तर सरळ आहे : बोटं आणि माळ. तुम्ही मोकळ्या झाला होता.

पण तुम्ही हे एवढ्यावर सोडणार नाही, आणि सोडूही नये.

हॉलंडमध्ये ब्राउअर नावाचे गणिती होऊन गेले. १९०७ साली ॲमस्टरडॅमला त्यांनी जो प्रबंध दिला, त्यात संख्येचं मूळ त्यांनी जाणिवेत शोधलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : एक क्षण येतो, सरतो, पण पुरता नाहीसा होत नाही, आठवणीत धरलेला राहतो. तेवढ्यात पुढचा क्षण येतो. "होता तो" आणि "आहे तो" असे दोन एकाच वेळी मनात उभे राहतात. हेच पहिले "दोन". बाकीचे सगळे आकडे याच कृतीच्या पुन्हा पुन्हा करण्यातून येतात. जगात आकडे पडलेले नसतात, काळ जाणवणारं मन ते घडवतं. त्यामुळे पुरा झालेला, हातात घेऊन बघता येणारा अनंत त्यांना मान्य नव्हता. वाढत राहणारी रांग तेवढी मान्य.

त्यांच्याआधी, १८८८ साली, जर्मनीतल्या डेडेकिंड यांनी उलट बाजूनं जायचा प्रयत्न केला होता. अनंत खरोखर आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचं मन पुढे केलं. माझ्या मनात एक विचार आहे. "हा विचार माझ्या विचाराचा विषय होऊ शकतो" हा दुसरा विचार. त्या दुसऱ्याविषयी तिसरा. अशी रांग कधीच संपत नाही, म्हणून माझ्या विचारांचं जग अनंत आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढच्या गणितींना हे चाललं नाही. असे सगळे विचार कुणी खरोखर केले आहेत का? शंभराव्या पायरीवरचा विचार तुम्ही कधी केला आहे का? शेवटी १९०८ साली झरमेलो यांनी संचांची गृहीतकं मांडली, तेव्हा "अनंत संच आहे" हे एक गृहीतक म्हणून घातलं. आजही ते तसंच आहे. वर्गात मी हे सांगितलं की मुलं गप्प व्हायची. ज्यावर एवढं गणित उभं आहे ती गोष्ट सिद्ध केलेली नाही, मान्य केलेली आहे.

आता तुमच्या जपाविषयी माझं मत सांगते. हे मत आहे, सिद्धता नव्हे. मोजणारी मी सापडायची नाही, असं तुम्ही लिहिता, तेव्हा बहुधा मागचं नाम आणि पुढचं नाम असं वेगळं धरणंच थांबलेलं असतं. ब्राउअरांच्या भाषेत, होता तो क्षण आणि आहे तो क्षण यांत फट राहत नाही. फट नाही तर "दोन" नाही. "दोन" नाही तर मोजणी सुरूच होत नाही. म्हणून तुमचा अनुभव मला मोजणीच्या शेवटी गेल्याचा वाटत नाही. तो मोजणीच्या अलीकडचा वाटतो, लाभच्याही अलीकडचा. गणितातला अनंत "आणखी एक"च्या बाजूला आहे. तुम्ही जिथे होता तिथे "आणखी"ही नाही आणि "एक"ही नाही. दोन्हींना एकच नाव देऊन एकाला दुसऱ्याचा आधार द्यायचा, हे हल्ली फार चालतं. मला ते बरं वाटत नाही. तुमच्या शांततेला गणिताची साक्ष लागत नाही आणि गणितालाही तिची लागत नाही.

मग जाणिवेचं काम कुठे आहे? तुमच्या नातीकडे बघा. तिनं शंभरापुढे फार कधी मोजलं नसेल. तरीही "अनंत" हा शब्द तिनं बरोबर वापरला. कुठलाही आकडा आला तरी त्यावर आणखी एक म्हणता येईल, हे तिला कळलेलं आहे, न मोजता. फ्रेंच गणिती प्वांकारे यांनी १९०२ साली हेच लिहून ठेवलं : एखादी कृती एकदा करता येते असं दिसलं, की ती कितीही वेळा करता येईल हे मनाला स्वतःच्या सामर्थ्यातून कळतं. मोजणी बोटांना जमते, तोंडाला जमते. ही मोजणी थांबणार नाही, हे मात्र मोजून कळत नाही. ते दिसावं लागतं. तुमच्या नातीला ते सहाव्या वर्षी, अंथरुणात, दिवा घालवल्यावर दिसलं. तिला माझे आशीर्वाद सांगा.

प्रश्न : मी इचलकरंजीत मागावर काम करतो, शिक्षण बाहेरून चालू आहे. मागाला काउंटर असतो. धागा पडला की एक पुढे. धागा तुटून धोटा रिकामा गेला तरी माग थांबेपर्यंत तो पुढे जातोच. त्याला कसली आलीय जाणीव? तरी तो माझ्याहून चांगला मोजतो. मग मोजायला जाणीव लागते असं का म्हणतात? आणि असं यंत्र कधीच न थांबवता चालवलं तर?

उत्तर : वरचं उत्तर वाचलंत तर दिसेल, की पहिल्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूची आहे. मोजायला जाणीव लागत नाही.

पण रिकाम्या धोट्याची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे, ती सोडू नका. काउंटरला रिकामी फेरीही एक आणि भरली फेरीही एक. कापडाच्या दृष्टीनं ती "एक" नव्हे हे तुम्हाला कळतं, त्याला कळत नाही. आबांच्या बाजारात खरं भांडण आकड्यावर कधीच होत नसे. भांडण होई ते पायली कशी भरायची यावर. शीग लावून, की हात फिरवून सपाट? शेतकरी म्हणे सपाट, व्यापारी म्हणे शिगोशीग. ते एकदा ठरलं की मग कुणीही मोजावं. एक म्हणजे काय, हे ठरवणं हे मोजणीच्या आधीचं काम आहे आणि ते मला अजून तरी माणसाचं वाटतं.

यंत्राच्या न थांबण्याविषयी : सहा आकडी काउंटर ९९९९९९ नंतर ०००००० वर येतो. आमच्या घरच्या जुन्या स्कूटरचा पाच आकडी काटा असाच एकदा फिरून शून्यावर आला होता, मिस्टरांनी गाडी बाजूला घेऊन मला तो दाखवला होता. आकड्याला घरं वाढवली तरी ती कधीतरी भरतात. संगणकात ६४ घरांचा काउंटर असतो, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. सेकंदाला शंभर कोटी या वेगानं मोजलं तर तो भरायला सुमारे ५८४ वर्षं लागतात, आणि मग तोही शून्यावर येतो. घरं लागतील तशी जोडत गेलो तर? तर तो चालत राहील, आणि कुठल्याही क्षणी थांबवून बघितलं तर त्यावर एक सांतच आकडा असेल. काउंटरवर अनंत कधी दिसणार नाही.

तुम्ही पुढचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून लिहिते. "ही मोजणी संपत नाही" याची सिद्धता आज संगणकही पायरी पायरीनं तपासू शकतो. तेव्हा सिद्धता हा केवळ माणसाचा मक्ता आहे असं मी म्हणणार नाही. तपासून झाल्यावर "अरे, खरंच संपत नाही!" असं त्याला होतं का, हा प्रश्न उरतो. मला वाटतं, होत नाही. हे मला सिद्ध करता येत नाही, आणि ज्यांना उलट वाटतं त्यांनाही ते सिद्ध करता आलेलं नाही.

प्रश्न : अनंत अधिक एक किती? (पाचवी, कोल्हापूर)

उत्तर : अनंतच. न संपणारी जेवणाची पंगत बसली आहे आणि एक पाहुणा उशिरा आला. प्रत्येकानं एकेक पाट पुढे सरकायचं. पहिला पाट मोकळा झाला, आणि शेवटचा माणूस नसल्यामुळे कुणीही उपाशी राहिला नाही. शून्यानं भागल्यावर येणाऱ्या राशीला भास्कराचार्य "खहर" म्हणत, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही, सृष्टी होताना आणि लयाला जाताना अनंत अच्युत बदलत नाही तशी, असं त्यांनी बीजगणितात म्हटलं आहे. आजच्या गणितात शून्यानं भागायचं नाही, हे मात्र परीक्षेत विसरू नकोस.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचे सर म्हणाले की एका अनंतापेक्षा दुसरा अनंत मोठा असतो. पंगतीत तर कितीही माणसं मावतात. मग मोठा कसा? (पन्हाळा)

उत्तर : तुझ्या प्रश्नात "पंगतीत कितीही मावतात" हे वाक्य आहे, तेच तपासू. मावत नाहीत अशी एक गोष्ट आहे. ती जर्मनीतल्या हाले गावी राहणाऱ्या गेऑर्ग कॅन्टर यांनी १८९१ साली दाखवली. मी ती वर्गात हजेरीच्या वहीवर शिकवायची, तशीच सांगते. पेन्सिल घे.

एक हजेरीची वही, तिच्यात मुलं न संपणारी : पहिला, दुसरा, तिसरा. दिवसही न संपणारे. प्रत्येक मुलाच्या ओळीत रोज एक खूण, ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर. वर्गशिक्षक छातीठोक सांगतात, "हजर-गैरहजरचे जेवढे म्हणून प्रकार असू शकतात, ते सगळे माझ्या वहीत कुणा ना कुणाच्या ओळीत आहेत." अनंत मुलं आहेत, तेव्हा असतील बापडे, असं आपल्यालाही वाटतं.

वहीचा वरचा डावा कोपरा बघ. चार मुलं, चार दिवस.

पहिला : ह ह गै ह
दुसरा : गै गै गै गै
तिसरा : ह गै ह गै
चौथा : गै ह ह ह

आता पहिल्याचा पहिला दिवस, दुसऱ्याचा दुसरा, तिसऱ्याचा तिसरा, चौथ्याचा चौथा असं तिरकं वाच : ह, गै, ह, ह. प्रत्येक खूण उलटी कर : गै, ह, गै, गै. अशी एक नवी ओळ तयार झाली, आणि ती खाली असंच तिरकं जात न संपता वाढेल.

ही ओळ वहीत आहे का? पहिल्या मुलाची नाही, पहिल्याच दिवशी फरक आहे. दुसऱ्याची नाही, दुसऱ्या दिवशी फरक आहे. दहा हजाराव्याची? दहा हजाराव्या दिवशी फरक आहे. कुठलाही मुलगा सांग, त्याच्या स्वतःच्या क्रमांकाच्या दिवशी ही ओळ त्याच्याशी जुळत नाही. म्हणजे वहीत एक मुलगा सुटला आहे. वही कशीही लिहिली तरी असं कुणीतरी सुटतंच, म्हणून हजेरीच्या प्रकारांचा अनंत मुलांच्या अनंताहून मोठा.

इथे एक गोष्ट बारकाईनं बघ. आपण ती वही पुरी वाचली नाही. अनंत ओळी वाचायला कुणाला वेळ आहे? तरीही कुठल्याच ओळीत तो मुलगा नाही हे तुला या क्षणी, पेन्सिल खाली ठेवायच्या आधीच, पक्कं ठाऊक आहे. कागलच्या आजींना मी वर जे लिहिलं त्याचा हाच नमुना आहे. मोजून संपवता न येणाऱ्या वहीविषयी न मोजता खात्री होते.

तुझ्या मनात येईल, सुटला तर सुटला, त्याचं नाव घालू की वहीत. घाल. पंगतीत पाहुण्याला जागा केली तशी सगळ्यांना एकेक ओळ खाली सरकव आणि पहिल्या ओळीवर त्याला लिही. मग नव्या वहीत पहिल्याचा पहिला दिवस, दुसऱ्याचा दुसरा असं पुन्हा तिरकं वाचून उलटं कर, आणि कोणता मुलगा सुटला ते मला कळव.